रंगकाम फसलेल्या झेनला पुन्हा आरसपानी करताना : माझा अनुभव

आमची 2004 सालची निळ्या मेटॅलिक रंगाची मारुती झेन गाडी गेल्या उन्हाळ्यात बाहेरून पूर्ण रंगवून घेतली. गाडी ताब्यात मिळाली तेव्हा ती चकाकत होती, पण मोजक्या वेळा धुतल्यावर वरचे तेलकट पॉलिश उतरले आणि रंगकामाचे खरे रूप उघडे पडले. बॉनेटवर आणि चारही दारांवर पेंटर मंडळी ज्याला ऑरेंज पील म्हणतात तो बारीक खळग्यांचा खडबडीतपणा होता, टपावर क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, अडकलेले धुळीचे कण बोटाला लागत होते, डाव्या मागच्या दारावर हँडलच्या खाली एक ठळक ओघळ आला होता, आणि घाईने फिरवलेल्या बफिंग मशीनच्या गोल रेघा उन्हात सगळीकडे दिसत होत्या. रंगाची छटा मात्र अचूक जुळली होती आणि रंग कुठेही सुटलेला नव्हता. म्हणूनच गाडी पुन्हा रंगवण्यापेक्षा आहे तोच रंग घासून सपाट करावा, असे मी ठरवले.

असा खडबडीतपणा येण्यामागे सहसा फवारणीतले दोष असतात. गनला हवेचा दाब कमी पडला, गन पत्र्यापासून फार लांब धरली किंवा कडक उन्हाळ्यात लवकर उडणारा थिनर वापरला, तर क्लिअरचे थेंब पत्र्यावर पडल्यावर एकमेकांत मिसळून पसरण्याआधीच घट्ट होऊ लागतात. उघड्या शेडमध्ये रंग मारला तर वरून धूळही बसते. हे दोष बहुतांशी सर्वांत वरच्या पारदर्शक थरात असतात, त्यामुळे तोच थर थोडा घासून समतल करता येतो. मात्र हार्डनर (थर घट्ट करणारे रसायन) घालून मारलेला क्लिअर वरून कोरडा लागला तरी आतला थिनर पुढे बराच काळ बाहेर पडत राहतो. अशा मऊ थरावर वॉटर पेपर (पाणी लावून वापरायचा घासकागद) चालवला तर थर नंतर आकसतो आणि बुजलेल्या रेघा पुन्हा वर येतात. म्हणून संपूर्ण पावसाळा मी गाडीला मेणाचा हातही लावला नाही आणि दिवाळीनंतरची कोरडी हवा सुरू होईपर्यंत थांबलो.

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे रंगाची जाडी मोजण्याचे मीटर होते, ते त्यांनी विश्वासाने माझ्या हाती दिले. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रंग असतो आणि त्यातला क्लिअर 40 ते 50 मायक्रॉनच्या आसपास असतो. आमच्या बॉनेटवर मीटरने 210 ते 240 आकडा दाखवला, पुढच्या दारांवर 190 च्या आगेमागे, आणि डाव्या मागच्या दाराच्या खालच्या भागात 700 च्या वर. तिथे रंगाखाली लांबी (पोचे बुजवायची पुटी) भरली आहे, हे त्या आकड्यावरून उघड होते. मोठे आकडे पाहून हायसे वाटते, पण येथेच सर्वांत जास्त सावध राहावे लागते, कारण हे मीटर पत्र्यापासून वरच्या पृष्ठभागापर्यंतची एकूण जाडी सांगते. त्यातला क्लिअर किती, हे त्यावरून कळत नाही. जुना रंग, प्रायमर आणि लांबी यांनी आकडा फुगलेला असतो आणि वरचा क्लिअर मात्र एकाच हाताचा, पातळ असू शकतो. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवण्याचे काम हाच थर करतो. तो गरजेपेक्षा जास्त उतरवला तर गाडी काही दिवस आरशासारखी दिसेल, पण काही वर्षांत टपावर आणि बॉनेटवर पांढरट पापुद्रे सुटू लागतील. त्यामुळे किती घासायचे यापेक्षा किती शिल्लक ठेवायचे, हा हिशेब मी आधी मनाशी पक्का केला.

घासण्याआधीची स्वच्छता आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे. माझी नोकरी शिरोली एमआयडीसीत आहे आणि त्या भागात फाउंड्र्या पुष्कळ असल्याने लोखंडाची बारीक धूळ गाडीवर बसून रंगात रुतते. गाडी शांपूने धुऊन मी लोह विरघळवणारा फवारा मारला, तेव्हा टपावर आणि डिकीवर जांभळे ओघळ उतरू लागले. लोखंडाच्या कणांशी त्या द्रवाची प्रक्रिया झाली की हा रंग येतो. उरलेले कण क्ले बारने (रुतलेले कण ओढून घेणाऱ्या चिकणमातीसारख्या वडीने), भरपूर शांपूच्या पाण्यात, हलक्या हाताने काढले. असा एक कण जरी पेपरखाली फिरला तरी इतकी खोल रेघ पाडतो की ती काढण्यासाठी भोवतालचा क्लिअर विनाकारण खर्ची पडतो.

मग बॉनेटच्या कडा, पत्र्याच्या घड्या आणि दारांच्या किनारी यांवर मास्किंग टेप लावली, कारण रंग फवारल्यावर कडांवर मुळातच पातळ बसतो आणि पेपरचा दाब नेमका तिथेच एकवटतो. वॉटर पेपर थोडा वेळ पाण्यात भिजत ठेवले, बादलीत शांपूचे थेंब टाकले आणि पेपर रबराच्या मऊ ठोकळ्याला गुंडाळून सावलीत, पत्रा गार असताना सुरुवात केली. मिस्त्री शेजारी उभे होते. ते म्हणाले, “सर, पेपरला धार हाय, जोर तुम्ही लावू नगासा. पाणी थांबलं की त्यो चावतोय बघा.” माझा मुलगा बाटलीने पाण्याची धार सोडत राहिला आणि मी सुमारे दीड फुटाचा चौकोन धरून 2000 नंबरचा पेपर (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) सरळ रेषेत, एकाच दिशेने फिरवत राहिलो. गोल गोल फिरवलेल्या पेपरच्या रेघा नंतर ओळखता येत नाहीत. दिशा एकच असेल तर पुढचा पेपर आडवा चालवून आधीच्या उभ्या रेघा पूर्ण गेल्या की नाही, हे डोळ्यांनी तपासता येते.

या कामातला खरा धडा पाणी निपटल्यावर दिसतो. काही हात मारून मी रबरी पट्टीने पाणी ओढले, की घासलेला भाग दुधी, मंद दिसे आणि त्यात असंख्य बारीक चकचकीत ठिपके उरलेले असत. मंद भाग म्हणजे पेपरने गाठलेले उंचवटे आणि चमकणारे ठिपके म्हणजे पेपर अजून न पोहोचलेले खळगे. आणखी घासावे तसे ठिपके लहान आणि विरळ होत जातात. शेवटचा ठिपका जाईपर्यंत घासत राहण्याचा मोह फार मोठा असतो, आणि प्रदर्शनात ठेवायच्या गाडीसाठी भरपूर क्लिअर मारून घेतला असेल तर तसे करावेही. रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी मला ते पटत नाही. टाचणीच्या टोकाएवढे तुरळक ठिपके उरले की मी थांबलो. वाहणारे पाणी शेवटपर्यंत पांढरटच राहिले, याकडे माझे सतत लक्ष होते. त्यात निळी झाक दिसली असती, तर क्लिअर संपून पेपर मेटॅलिक रंगात शिरला असता आणि तो डाग पुन्हा रंगवल्याशिवाय जात नाही. 2000 नंतर 3000 चा पेपर आडव्या दिशेने चालवला, तो पहिल्यापेक्षा जास्त वेळ, कारण इथे जितकी निगुती राखावी तितके मशीनचे काम हलके होते.

ओघळासाठी वेगळी पद्धत वापरली. त्याच्या दोन्ही बाजूंना टेप लावली, ओघळावर मार्करची शाई फिरवली आणि लहान, कडक ठोकळ्यावर 1500 चा पेपर लावून फक्त माथा घासत गेलो. शाई आधी माथ्यावरून गेली, मग उतारांवरून. ओघळ टेपच्या पातळीला आला तशी टेप काढून पुढचे काम 2000 आणि 3000 वर नेले. मऊ ठोकळा इथे उपयोगाचा नाही, तो ओघळाच्या आकाराप्रमाणे वाकतो आणि भोवतालचा चांगला क्लिअर कापतो.

पॉलिशचे मशीन मी ड्युअल अ‍ॅक्शन प्रकारचे, म्हणजे पॅड फिरता फिरता डोलवणारे, वापरले. पॅड नुसता गोल फिरवणारे रोटरी मशीन काम लवकर उरकते, पण एका जागी उष्णता साठवते, आणि आधीच्या गोल रेघा तशाच यंत्राच्या होत्या. मायक्रोफायबर पॅडवर कटिंग कंपाउंडचे (रेघा घासून काढणाऱ्या पॉलिशचे) चार थेंब घेऊन, मशीन हळूहळू, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढेल असे उभे-आडवे फिरवले. दुधी पडद्यातून निळा रंग वर येऊ लागतो, त्या क्षणी समाधान वाटते, पण त्यावर लगेच विश्वास ठेवू नये. कंपाउंडमधले तेल बारीक रेघा तात्पुरत्या झाकते. प्रत्येक भाग पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून मी एलईडी टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहत असे आणि सकाळच्या उन्हात गाडी अंगणात काढून पुन्हा तपासत असे. त्यानंतर फोमचा मऊ पॅड आणि बारीक पॉलिश. बॉनेटवर खुणा केलेल्या जागी आधी आणि नंतर अनेकदा मोजून सरासरी काढली, तर एकूण जाडी 8 ते 10 मायक्रॉनने कमी झालेली होती. एवढी घट मला मान्य होती.

बंपरवर मात्र मी पेपर चालवला नाही. ते प्लास्टिकचे असल्याने हे मीटर तिथे काहीच सांगत नाही, आणि प्लास्टिक उष्णता लवकर सोडत नसल्याने तिथला रंग मशीनखाली पटकन तापतो. तिथे फक्त हलके पॉलिश केले, त्यामुळे बंपरचा खडबडीतपणा दारांशेजारी आता थोडा उठून दिसतो. शेवटी सीलंटचा (रंगावरच्या संरक्षक लेपाचा) एक हात देऊन काम थांबवले. डाव्या मागच्या दारात खालच्या बाजूला लांबीच्या कडेची एक पुसट रेघ तिरप्या उन्हात दिसते. ती घासून जाणारी नाही, कारण ती क्लिअरच्या खालून आलेली आहे. ते दार पत्र्यापर्यंत उतरवून नव्याने करायला मिस्त्रींनी होकार दिला आहे, आणि क्लिअर दोन पूर्ण हात मारायचा, हे त्यांच्याशी आधीच बोलून ठेवले आहे.