रेशीम आणि कथील

शनिवार, रात्री

आज संग्रहालयाच्या कोठारात दोन बॉल गाऊन शेजारी शेजारी मांडले. थोरला ठणठणीत, धाकटा मरणपंथाला लागलेला.

थोरला 1860च्या सुमाराचा, जांभळा. त्या काळी इंग्लंडमध्ये या रंगाचं वेडच होतं. 1856 मध्ये विल्यम पर्किन नावाचा 18 वर्षांचा पोरगा डांबरातल्या रसायनांपासून मलेरियावरचं क्विनीन बनवू पाहत होता; क्विनीन राहिलं बाजूला, हाती लागला जांभळा रंग. 1858 मध्ये खुद्द राणी व्हिक्टोरिया लेकीच्या लग्नात जांभळ्या पोशाखात आली, मग काय विचारता! आमच्या गाऊनचा रंग बाहेरून उडून राखाडी झालाय. पण कमरेच्या चुण्या हलकेच उकलल्या तर आत अजून झगझगीत आहे.

या घागऱ्याला अंग्या दोन. दिवसासाठी बंद गळ्याची, रात्री नाचायला खांदे उघडे टाकणारी. पैसेवाल्या घरातही महागाचं रेशीम असं पुरवून वापरत, हे मला फार आवडलं. नाचायच्या अंगीत देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पट्ट्या शिवलेल्या आहेत आणि काखेत घामाचे तपकिरी डाग आहेत. असलं रेशीम पाण्यात घालायची सोयच नसायची. अस्तराची एक शिवण उसवून कंबर सैल केलीय. बाई जराशी जाडावली असणार, बिचारी.

धाकटा 1895च्या आसपासचा. साय रंगाचं सॅटिन, फुग्याच्या बाह्या. पेटी उघडली तर टिश्यू पेपरवर रेशमाचा चुरा. घागऱ्यावर वरपासून खालपर्यंत उभ्या चिरा, जणू कुणी ब्लेड फिरवलंय. कसर नाही, ओल नाही. हे सगळं जन्मापासूनच त्याच्या अंगात होतं.

त्यामागे निव्वळ हिशेब आहे. कच्चं रेशीम उकळून त्याचा डिंक काढला की साधारण चौथा हिस्सा वजन जातं. माल तर वजनावर विकायचा. मग रंगारी ती तूट धातूच्या क्षारांनी भरून काढत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कथलाचे क्षार हाती आल्यावर नुसती तूट भरून कोण थांबतंय! रेशमाच्या वजनाइतकं, कधी त्याहून जास्त कथील त्यात मुरवत. कापड जड पडे, झोक छान येई. गिऱ्हाईकही खूश, कारण जड म्हणजे भारी. धागा मात्र आतून ठिसूळ होत जाई.

यावर उपाय नाही. पातळ जाळीदार रेशमाचा आधार देऊन चिरा जागच्या जागी धरायच्या, उजेड 50 लक्सच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि गाऊन आडवाच ठेवायचा. घरी आई पैठणीची घडी अधूनमधून बदलते. इथे घडीच पडू नये म्हणून आम्ही टिश्यूच्या वळकट्या भरतो. संध्याकाळपर्यंत तेच केलं. नाकात अजून ती धूळ आहे.

प्रदर्शनात जांभळा पुतळ्यावर चढेल, सायीचा काचेखाली आडवा. पाटीच्या मसुद्यात त्याच्यापुढे नुसतं ‘रेशीम’ लिहिलंय. तपासणीत कथील सापडल्याची नोंद फाइलमध्ये आहे, तर पाटीवर ‘रेशीम आणि कथील’ असं लिहा, म्हणून मी क्युरेटरबाईंच्या मागे लागलेय. त्या म्हणाल्या, लोकांना वाटेल पत्र्याचा आहे. वाटू दे की!