गरोदरपणातला मधुमेह, कळा आणण्याचा दिवस आणि फाइलवरची तारीख : माझा अनुभव

माझी मुलगी आता चार महिन्यांची आहे आणि बाळंतपण सुखरूप पार पडले, तरीही रुग्णालयाच्या फाइलच्या पहिल्या पानावरची प्रसूतीची ती चुकीची तारीख आठवली की मला आजही संताप येतो.

पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे सातव्या महिन्यात मी पुण्याहून कोल्हापूरला, रंकाळ्याजवळच्या आमच्या घरी आले. त्याआधीच ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेल्या तपासणीत माझी साखर १५८ आली होती. १४० किंवा त्याहून अधिक आली की गरोदरपणातला मधुमेह धरतात. ज्वारीची भाकरी, उसळी, मोजका भात आणि जेवणानंतर रंकाळ्याच्या काठाने चालणे एवढ्यावर साखर उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत राहिली. इन्सुलिन लागले नाही. गुऱ्हाळांच्या हंगामात कोल्हापुरात राहून गुळाला हात न लावणे सोपे नव्हते, पण ते मी केले, याचा मला अभिमान आहे.

अडचण नवव्या महिन्यात आली. "पुढच्या मंगळवारी ३९ आठवडे पूर्ण होतात, दाखल व्हा, कळा आणू," असे मला कोल्हापूरच्या रुग्णालयात सांगण्यात आले. हिशेब पाळीच्या तारखेवरून केला होता. माझी पाळी मात्र चाळीस-चाळीस दिवसांनी येते, आणि पुण्यात दहाव्या आठवड्याच्या सुमारास झालेल्या पहिल्या सोनोग्राफीत बाळ पाळीच्या हिशेबापेक्षा नऊ दिवसांनी मागे असल्याचे नोंदवले होते. म्हणजे त्या मंगळवारी खरे दिवस ३७ आठवडे ५ दिवसच भरणार होते. मधुमेही आईच्या बाळाची फुप्फुसे परिपक्व व्हायला थोडा उशीर लागू शकतो, त्यामुळे लवकर जन्मलेल्या अशा बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा धोका अधिक असतो, हे मला ठाऊक होते.

मी रुग्णालयाच्या नोंदणीच्या खिडकीवर हे सांगितले, तेव्हा "ताई, फाइलवर जी तारीख आहे तीच धरायची," एवढेच उत्तर मिळाले. पुण्याचा तो अहवाल सामान हलवताना गहाळ झाला होता. "शेवटची सोनोग्राफीही हीच तारीख दाखवते," असेही मला ऐकवण्यात आले, आणि याच वाक्याचा मला सर्वाधिक राग आहे. शेवटच्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी दिवस ठरवण्यात दोन-तीन आठवड्यांनी चुकू शकते. त्यातही मधुमेहात बाळ अंगाने भरले असेल, तर दिवस अधिक भरल्यासारखे दिसतात. पहिल्या तीन महिन्यांत केलेले बाळाच्या लांबीचे माप त्याहून कितीतरी विश्वासार्ह असते. माझ्या बाबतीत फरक सात दिवसांहून अधिक असल्याने पहिल्या सोनोग्राफीचीच तारीख धरायला हवी होती.

मंगळवारला पाच दिवस उरले होते. सोनोग्राफी केंद्रांना कायद्याने नोंदी दोन वर्षे जपून ठेवाव्या लागतात, हे आठवून माझ्या पतींनी पुण्याच्या केंद्रातून दुसरी प्रत मागितली. मोबाइलवर आलेले तिचे छायाचित्र खिडकीवर चालले नाही. शिक्क्याची प्रत हवी होती. ती रात्रीच्या बसने आली, बाबांनी पहाटे स्थानकावर जाऊन घेतली, आणि त्यानंतरही मुख्य डॉक्टरांची भेट होईपर्यंत मला दोन दिवस बाकावर बसून काढावे लागले. त्यांनी मात्र अहवाल पाहताच जुनी तारीख खोडली. एका मिनिटाचे काम होते.

त्यांनी समजावले ते असे : साखर केवळ आहाराने आटोक्यात असेल आणि बाळ ठीक असेल, तर ३९ आठवड्यांपासून ४० आठवडे ६ दिवसांपर्यंत थांबता येते, औषधांवर आटोक्यात असेल, तर साधारणपणे ३९ आठवडे ते ३९ आठवडे ६ दिवस या दरम्यान कळा आणतात, साखर आटोक्याबाहेर असेल, तर त्याहूनही लवकर निर्णय घ्यावा लागतो. त्यामुळे माझे पाहून कोणी आपल्या मनाने थांबू नये. बाळाची हालचाल कमी वाटली, तर तारखेचा विचार न करता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

पुढे ठोक्यांच्या नियमित तपासण्या झाल्या, आणि ३९ आठवडे ४ दिवसांना, पिशवीचे तोंड अजून बंद असल्याने, आधी फुग्याची नळी व मग सलाइनमधून औषध देऊन कळा आणल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली, ३ किलो १०० ग्रॅमची. जन्मताच ती मोठ्याने रडली, तेव्हा मला ते बाकावरचे दोन दिवस आठवले आणि रडू आले. तिच्या टाचेतून रक्त घेऊन साखर तपासली, ती ठीक होती.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती : माहेरी निघण्यापूर्वी पहिल्या सोनोग्राफीच्या दोन प्रती काढाव्यात, आणि नाव नोंदवतानाच त्यावरची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावी. आईची साखर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन तपासतात. माझी ११२ आली.