साक्ष मराठी, पेपर बुक इंग्रजी

मंगळवार, रात्री साडेदहा

अपिलाच्या पेपर बुकासाठी, म्हणजे न्यायमूर्तींपुढे जाणाऱ्या कागदपत्रांच्या संचासाठी, भाषांतराला आलेली साक्ष आज अर्धी झाली. सत्र न्यायालयात ती मराठीत नोंदवलेली. राज्यघटनेच्या कलम ३४८ प्रमाणे उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत. मधे मी.

मराठी पान वाचताना मी त्या वाडीतच असते. ओटा कुठे, विहीर कुठे, साक्षीदार बाई कुठे तोंड करून बसली होती, हे डोळ्यांसमोर आल्याशिवाय टाइप करायला हात जात नाही. इंग्रजी लिहायला घेतलं की मात्र वाडीतून उठून फोर्टात, न्यायमूर्तींच्या शेजारी बसावं लागतं. त्यांनी ती वाडी पाहिलेली नाही. त्यांच्यापुढे असणार ती माझी वाक्यं.

आजची दुपार एका ओळीत गेली: ‘मग आले, दार वाजवले व निघून गेले.’ कोण आले? मराठीत कर्ता गाळला तरी अडत नाही, आणि ‘आले’ अनेकांना चालतं तसं आदराने एकालाही. बाई भावकीतल्या थोरल्या माणसाबद्दल बोलत असेल, तर तो एकटाच. इंग्रजीत एक की अनेक हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही, आणि खुनाच्या खटल्यात दाराशी किती माणसं होती यावर कुणाची जन्मठेप टिकेल किंवा रद्द होईल. मागची-पुढची पानं आणि पंचनामा वाचून माझं एक मत झालं. ते मी भाषांतरात येऊ दिलं नाही. पुराव्याचा अर्थ लावणं कोर्टाचं काम. दोन्ही अर्थ होतात अशी टीप दिली आणि मूळ वाक्य तिथेच ठेवलं. त्या बाईला आपलं बोलणं इंग्रजीत काय झालं हे कधी कळणारही नाही. माझ्यावर तिचा एवढा तरी हक्क आहे.

‘दिवेलागणीला’ हेही तसंच. सात वाजता लिहिणं सोपं होतं, पण बाईने घड्याळ पाहिल्याचं कुठे म्हटलेलं नाही.

उद्या उलटतपासणी. ‘हे म्हणणे खरे नाही की...’ अशी वाक्यं ओळीने येतील. साक्ष बहुधा सलग निवेदनासारखी लिहून घेतात, त्यामुळे प्रश्न उत्तरातच मुरतो: शब्द वकिलाचे, नकार तेवढा तिचा. तिथे वाडी उपयोगाची नाही, पिंजऱ्याजवळ उभं राहून ऐकावं लागेल. टाइप करण्याआधी ती सगळी पानं मोठ्याने वाचून काढणार आहे.