पाणी दिलंस का तिला?

शाळेच्या सोहळ्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असं पत्र आलं तेव्हा मी स्टँडवर कंट्रोल केबिनमध्ये होतो. लिफाफ्यावर शाळेचा शिक्का दिसला आणि हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला. तेहतीस-चौतीस वर्षं झाली शाळा सोडून, पण सरांचा धाक अजून त्या बटणात आहे.

सरांचं नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत गणिताचे सर होते, चित्रकलेचे सर होते, पीटीचे सर होते. नुसते ‘सर’ मात्र एकच. भूगोल शिकवायचे आणि स्काउटचं पथक चालवायचे. खरं सांगायचं तर भूगोल थोडा आणि स्काउट फार.

मी काही शाळेचं नाव काढणाऱ्यांपैकी नव्हतो. सूचनाफलकावर माझं नाव एकदाच लागलं, तेही ग्रंथालयाचं पुस्तक परत न केल्याबद्दल. पथकात गेलो तो स्कार्फ आणि शिट्टीच्या मोहानं. रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाइन या गाठी डोळे मिटून मारता यायला लागल्या, प्रथम सोपान ही स्काउटची परीक्षा झाली, ‘खरी कमाई’च्या आठवड्यात अंजिराच्या पाट्या टेम्पोत चढवून मिळालेले पैसे सरांच्या हातात दिले. त्यांनी ते मोजून पेन्सिलीनं वहीत लिहिले. शाबासकी वगैरे नाही. सरांकडून शाबासकी मिळालेला विद्यार्थी कुणाला भेटला असेल तर मला जरूर कळवावं.

पण मला सांगायचंय ते १९८९ च्या वारीचं. मी आठवीत होतो. सासवडकरांना पालखीचं काय सांगायचं! पुण्याहून माउलींची पालखी दिवेघाट चढून ज्येष्ठ वद्य एकादशीला आपल्या गावात येते, दोन रात्री मुक्काम, मग जेजुरी. तेवढे दिवस गाव आपलं राहत नाही. शाळेचे वर्ग वारकऱ्यांना दिलेले असायचे. बाकं आदल्या दिवशीच आम्ही व्हरांड्यात एकावर एक रचून ठेवायचो. पथकाला कामं वाटलेली असत. कुणी रस्त्यावर गर्दी सांभाळायला, कुणी औषधाच्या टेबलाशी, कुणी चपला रांगेत लावायला. मला फाटकाजवळचं पाण्याचं पिंप आणि ‘चुकलेल्यांना वाट दाखवणे’ असं दुहेरी काम होतं. छाती केवढी फुगली होती म्हणून सांगू.

दिवस मावळता मावळता एक म्हातारी फाटकाशी आली. हिरवं नऊवारी, डोक्यावर गाठोडं, एका पायाला फडकं बांधलेलं. परभणीकडची. दिंडी मागे-पुढे झाली होती. मी रुबाबात विचारलं, “दिंडीचा नंबर काय, आजी?”

“अकरा हाये बाळा, पर ती...”

पुढचं मी ऐकलंच नाही. अकरा म्हणजे अकरा. गाठोडं माझ्या डोक्यावर घेतलं, तिचा हात धरला आणि शिट्टी वाजवत गर्दीतून निघालो. अकरा नंबरची दिंडी अर्ध्या तासात शोधून काढली. तिथल्या बायांनी म्हातारीला न्याहाळलं आणि माना हलवल्या. “आमची न्हाई.” मग आम्ही फिरतोय फिरतोय. राहुट्या, ट्रक, चुलींचा धूर, चिखल. म्हातारी मधूनच थांबायची, मी ओढून पुढे न्यायचो. तळावर समाज आरतीची वेळ झाली. चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, उंचावला आणि एवढा मोठा समाज क्षणात चिडीचूप झाला. हरवलं-सापडलं पुकारायला सुरुवात झाली, आणि माझ्या शेजारी उभं असलेलं माणूसही हरवलेलंच आहे, हे पुढे जाऊन सांगायचं मला सुचलं नाही. नवल ऐकत उभा राहिलो.

शेवटी एका ट्रकवाल्यानं विचारलं, “आजी, रथापुढं की रथामागं?”

“मागं रं बाबा, रथाच्या मागं! ह्या लेकराला कवाधरनं सांगतीया.”

रथापुढच्या दिंड्यांचे नंबर वेगळे आणि मागच्यांचे वेगळे असतात, हे सासवडच्या पोराला माहीत नसावं! अकरा दोन होत्या. दुसरी सापडली तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. तिच्या बायांनी तिला मिठीच मारली. निघताना तिनं कमरेची पिशवी सोडून राजगिऱ्याचा लाडू माझ्या हातावर ठेवला. मी तो येतानाच खाल्ला.

शाळेत सर कंदील घेऊन फाटकाशीच उभे होते. मी सॅल्यूट ठोकून सगळी हकिकत सांगितली, थोडी वाढवून. ते ऐकत राहिले. मग एवढंच म्हणाले, “पाणी दिलंस का तिला?”

पिंप माझ्या बाजूला होतं. पाणी काढायचं ओगराळंही होतं. एकादशीचा उपास, दिवेघाट चढून आलेली बाई, आणि मी तिला आधी नंबर विचारला होता. वर तिचाच लाडू खाऊन आलो होतो. हे लाडवाचं मी सरांना कधीच सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

सर आणखी काही बोलले नाहीत. पालखी जेजुरीकडे निघाली त्या सकाळी मैदान साफ करायचं होतं. मैदानाची काय अवस्था असायची ते त्या वेळच्या मुलांना आठवत असेल. हल्ली निर्मल वारीची फिरती शौचालयं येतात, तेव्हा तसलं काही नव्हतं. सरांनी पँट दुमडली, फावडं घेतलं आणि भिंतीकडच्या सगळ्यात वाईट कोपऱ्याकडे स्वतः गेले. “उरलेलं तुम्ही वाटून घ्या.” मी न सांगता चुन्याची बादली घेऊन त्यांच्या मागे गेलो. दुपारपर्यंत आम्ही दोघं त्या कोपऱ्यात होतो. शाळेतला माझा सगळ्यात चांगला दिवस कोणता असं विचारलं तर मी हाच सांगेन, आणि बायको म्हणते हे कुठं छापू नका.

पुढे एसटीत लागलो. आज वाहतूक नियंत्रक आहे. आषाढीला महामंडळ पाच हजारांच्या आसपास जादा गाड्या सोडतं, पंढरपुरात तात्पुरती स्थानकं उभी राहतात. त्यातल्या भीमा स्थानकावर माझी तीनदा ड्यूटी लागली. माइकवर चुकलेल्यांची नावं पुकारायचं काम बहुतेक वेळा मीच मागून घेतो. केबिनशी म्हातारं माणूस आलं की गाव विचारायच्या आधी बाटली पुढे करतो. नवीन पोरं हसतात. रांग थांबते, हेही खरं.

गेल्या वर्षी शाळेत डोकावलो. मैदानात पेव्हर ब्लॉक बसलेत, छान दिसतात. पथक सध्या नाही म्हणाले, त्यासाठी शिक्षक मिळत नाही. पथकाच्या त्या बुधवारच्या शेवटच्या तासाला आता जादा वर्ग असतो. मुलांचे मार्क चांगले आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण अडगळीच्या खोलीत ते पिंप दिसलं, तळाला गंजलेलं, आत खडूंचे रिकामे खोके भरलेले. मी खोके बाहेर काढणार होतो, पण शिपाईमामा बघत होते.

सोहळ्याच्या दिवशीची रजा मंजूर झाली आहे. स्टेजवर बोलायला मला जमणार नाही. पाण्यापाशी कुणाला उभं करायचं हे ठरलं नसेल, तर माझं नाव लिहून ठेवा. ओगराळं मी घेऊन येतो.

(दहावी, मार्च १९९२)