जुन्या डिझेल ऑटोमॅटिकचे झटके आणि व्हॅक्युमच्या नळ्या

जुनी डिझेल ऑटोमॅटिक झटके देत गिअर बदलायला लागली की मुंबईत कुठल्याही गॅरेजात पहिलं वाक्य ऐकू येतं, "साहेब, गिअरबॉक्स खोलावा लागेल." मोठा खर्च, त्यात गाडी किती दिवस अडकून पडेल याचा भरवसा नाही, मग लोक वैतागून गाडी सरळ भंगारात देतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण गिअरबॉक्स धडधाकट असतानाही असं होतं.

आमच्या मुलुंडच्या काकांची गाडी अशीच, नव्वदच्या दशकातली जर्मन डिझेल, चार गिअरची, गिअरबॉक्सला कॉम्प्युटर वगैरे काही नाही. एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये हळूहळू चालवताना प्रत्येक गिअरला मागून कोणीतरी ढकलल्यासारखा धक्का, काकू तर बसायलाच तयार नव्हत्या. पण ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला लागून पाय दाबला की तीच गाडी एकदम नीट. इथेच अर्धं निदान होतं बघा. आतल्या क्लच प्लेट झिजल्या असत्या तर उलटं झालं असतं, जोर दिल्यावर गिअर घसरला असता, आरपीएम (इंजिनाचे फेरे) वर आणि गाडी जागच्या जागी.

आता कारण. जुन्या डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा थ्रॉटल, म्हणजे हवा अडवणारी झडप, नसतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत, व्हॅक्युम (हवेची ओढ) तयार होत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्युम पंप लावलेला असतो. अशा गाडीत इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपावर एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो ॲक्सिलरेटर किती दाबलाय त्याप्रमाणे व्हॅक्युम कमी-जास्त करून गिअरबॉक्सच्या मॉड्युलेटरला, म्हणजे गिअर किती जोरात टाकायचा ते ठरवणाऱ्या भागाला, पाठवतो. पाय हलका तर व्हॅक्युम जास्त आणि गिअर मऊ पडतो, पाय दाबला तर व्हॅक्युम कमी आणि गिअर कडक. मग मधली एखादी रबरी नळी फुटली की गिअरबॉक्सला वाटतं ड्रायव्हरने पाय पूर्ण दाबलाय, आणि सिग्नलवरून हळू निघतानाही तो पूर्ण ताकदीने गिअर टाकतो!

काकांना मी पहिलं विचारलं, "काका, चावी बंद केल्यावर इंजिन लगेच बंद होतं का?" तर म्हणाले, "नाही रे, थोडा वेळ घुरघुरत राहतं, जुनी झालीय ना आता." या गाड्यांचं इंजिन बंद करायलाही तोच व्हॅक्युम लागतो, त्यामुळे गळतीचा संशय पक्का झाला.

तरी एटीएफ, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल, आधी बघितलंच, गाडी सपाट जागी, इंजिन गरम आणि चालू, लिव्हर पी मध्ये. लेव्हल बरोबर, रंग लाल, जळका वास नाही. मग हाताने चालवायचा गेजवाला व्हॅक्युम पंप मॉड्युलेटरला जोडला, काटा जागेवर टिकला म्हणजे आतला पडदा शाबूत. तो फाटला असता तर नळीत एटीएफ आलं असतं. शेवटी गळती सापडली ती जोडाच्या रबरी तुकड्यांत, इतक्या वर्षांच्या उष्णतेने कडक होऊन चिरलेले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मापाचे तुकडे मिळाले, गिअरबॉक्सच्या खर्चापुढे अगदीच किरकोळ. बदलल्यावर धक्के गेले आणि चावी फिरवली की इंजिनही गप्प.

एक कळकळीची विनंती, नळ्या तपासायच्या आधी मॉड्युलेटरची सेटिंग फिरवू नका. मेकॅनिक लोक धक्के लपवायला ती फिरवून गिअरबॉक्समधल्या तेलाचं प्रेशर कमी करतात, गाडी चार दिवस मऊ चालते, पण कमी प्रेशरवर क्लच प्लेट घसरत घसरत जळतात आणि मग खरोखरच गिअरबॉक्स खोलावा लागतो. दोन गिअरच्या मध्ये आरपीएम क्षणभर उसळताना दिसले तर प्रेशर कमी झालंय समजा आणि तशी गाडी अजिबात चालवत राहू नका. नळ्या ठीक असूनही धक्का राहिला तर इंजिन आणि गिअरबॉक्स ज्यावर टेकलेले असतात ते माउंटिंग बघा, ते खचले की साधा गिअरही धाडकन लागतो.