दिसत नाही ते रसायन मोजतात कसे?

कपाशीवर फवारणी सुरू झाली की आमच्या यवतमाळकडच्या गावात मला हमखास विचारले जाते, "नसेच्या टोकातून रसायन सुटते म्हणता, पण ते दिसत नाही, मग मोजता कसे?" तुम्ही विचारलेत म्हणून नीट सांगतो.

रसायन हाती धरून कोणी मोजत नाही. ते पोहोचल्यावर स्नायूत विजेचा जो बदल होतो, तो मोजतात. १९५२ साली पॉल फॅट आणि बर्नार्ड कॅट्झ या शास्त्रज्ञांनी लंडनमधून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, बेडकाच्या स्नायूला नस जिथे भिडते तिथे, मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा) बारीक टोकाची, क्षारद्रव भरलेली काचनळी स्नायूतंतूत खुपसली होती. नस कोणी चेतवलेली नसतानाही साधारण अर्ध्या मिलिव्होल्टचे विजेचे उंचवटे अधूनमधून उमटत. पुढे कॅट्झ आणि देल कास्तिलो यांनी द्रवातले कॅल्शियम घटवून मॅग्नेशियम वाढवले, तेव्हा नस चेतवल्यावर येणारा प्रतिसाद आक्रसला, पण वाटेल तसा नव्हे: कधी शून्य, कधी त्या लहान उंचवट्याएवढा, कधी दुप्पट, कधी तिप्पट. म्हणजे ॲसिटिलकोलीन, अर्थात नसेच्या टोकातून सुटणारे ते रसायन, धारेने सांडत नाही, पायलीने मापून टाकलेल्या धान्यासारखे ठरावीक मापाने सुटते, आणि एका मापात त्याचे काही हजार रेणू असतात. रेणूंना हात न लावता त्यांचे माप काढणारा याहून देखणा प्रयोग मला ठाऊक नाही.

फवारणीशी याचा संबंध जवळचा आहे. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशके सुटलेले ॲसिटिलकोलीन तोडणाऱ्या विकरालाच (एन्झाइमला) जखडतात. फॅट आणि कॅट्झ यांनी त्याच विकराला अडवणारे प्रोस्टिग्मीन वापरले, तेव्हा प्रत्येक उंचवटा उंचावला आणि लांबला. विषबाधा झालेल्या माणसाच्या दंडाचे स्नायू फडफडतात, लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, त्याचे मूळ हेच.

म्हणूनच रुग्णालयात रक्तातल्या कोलिनएस्टरेज या, ॲसिटिलकोलीन तोडणाऱ्या, विकराची क्रियाशीलता तपासतात. रसायन सुटण्यात बिघाड नसतो, ते आवरण्यात असतो. ॲट्रोपिन या उताऱ्याच्या औषधाने लाळ आणि छातीतला स्राव आटतो, परंतु स्नायूंवरचे ग्राहक (रसायन जिथे चिकटते त्या जागा) निराळ्या जातीचे असल्याने श्वासाच्या स्नायूंची गेलेली ताकद त्याने परतत नाही. अशा रुग्णाला कृत्रिम श्वासाची सोय असेल तिथेच, वेळ न दवडता न्यावे लागते.