खुर्ची

काल संध्याकाळी जुन्या आळीतल्या कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या उत्सवासाठी घाटावर गेले ती विळी घेऊनच. पंगतीच्या आदल्या दिवशी मांडवामागे भाजी चिरायला बसायचं, हे सासूबाईंच्या वेळेपासूनचं. पोहोचले तोच समोरच्या घरातल्या धाकटीने हातातली पिशवी काढून घेतली, प्लास्टिकची खुर्ची ओढणीने पुसून ठेवली. “काकू, तुम्ही बसा ना. चहा आणू?” पोर गुणाची आहे, आमच्या ओसरीवर सागरगोटे खेळून मोठी झालेली. तिने मानानेच बसवलं. मला मात्र तो चहा घशाखाली उतरेना.

आळीत मला कधी कुणी खुर्ची दिली नव्हती.

आळीतला वाडा विकून आम्ही फ्लॅटमध्ये आलो, ते पुन्हा उगाळत नाही. जोत्याला कायमची ओल, माडीच्या तुळईला वाळवी, निम्मे हिस्सेदार पुण्यात. ह्यांचं म्हणणं बरोबरच होतं. घेणाऱ्याने आधी सागवान उतरवलं: खांब, तुळया, दिंडीदरवाजा. मग भिंती पडल्या. माडीवर इथल्या मराठी विश्वकोशाच्या कार्यालयात नोकरीला असलेलं बिऱ्हाड होतं, त्यांच्या कोनाड्याचा निळा रंग तेवढा शेवटपर्यंत दिसत होता. ते एक आठवलं की... असो.

पण टोचतंय ते वाड्याचं नाही. फ्लॅट चांगला आहे, उजेड आहे, गुडघ्यांना लिफ्ट आहे. टोचते ती खुर्ची. रात्रभर तेच. ती मला परकी समजली का? की नुसतं वय बघून बसवलं? वय म्हणावं तर पलीकडच्या वहिनी माझ्याहून मोठ्या, त्या खाली पाटावर बसून वांगी चिरत होत्या. त्यांना नाही कुणी खुर्ची दिली. त्या अजून तिथेच राहतात.

वाईत हे असंच आहे. नदी एक, पण कृष्णाबाई आळीआळीची. गणपती आळीची वेगळी, मधल्या आळीची वेगळी, रामडोहाची, भीमकुंडाची, गंगापुरीची, धर्मपुरीची वेगळी. एका घाटावरचा उत्सव आटोपला की दुसऱ्या घाटावर मांडव. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी शिवाजी महाराजांना यश मिळावं म्हणून कृष्णेला नवस बोलले, तेव्हापासूनचं हे, असं सांगतात. म्हणजे इथे माणूस नुसता वाईचा नसतो, तो आळीचा असतो. वर्गणी आळीची, पंगत आळीची, वाढपी आळीचे. आमच्या सोसायटीला कृष्णाबाई नाही. मग मी आता कुठली?

खुर्चीवरून ढोल्या गणपतीचं शिखर दिसत होतं. पेशव्यांचे सरदार रास्ते, त्यांनी १७६२ साली देऊळ बांधलं तेव्हा पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून मागची भिंत माशासारखी निमुळती केली. पाणी दोन्ही अंगांनी निघून जातं, देऊळ उभं आहे. आमच्यासारख्यांच्या घरांना मातीच्या भिंती. वर धोमला धरण झालं तरी नदीची ओल काही घराबाहेर गेली नाही.

बसल्या बसल्या मोजत होते. विळीवर बसलेल्या बायका किती थोड्या! पूर्वी जागेवरून भांडणं व्हायची, आता पाट मोकळे पडले होते. स्वयंपाकाला आचारी बाहेरचा. समोरच्या दोन घरांना कुलपं, तिसऱ्याचा सौदा चाललाय म्हणे. हे दिसलं तेव्हा माझी मलाच लाज वाटण्यापेक्षा त्या पोरीची काळजी वाटली. तिच्यामागे कोण येणार चिरायला? तिचंही लग्न ठरतंय. मग उठले, खुर्ची कडेला सरकवली, पाट ओढला आणि वहिनींच्या पुढ्यातली निम्मी वांगी घेतली. कुणी काही बोललं नाही. वहिनींनी मिठाच्या पाण्याचं पातेलं माझ्याकडे ढकललं.

तरी आज सकाळी पुन्हा तेच मनात. पुढच्या वर्षी पुन्हा खुर्ची देतील. देऊ देत. वय होणारच आहे, आणि आळी काही माझ्यासाठी थांबणार नाही.

खालच्या मजल्यावरच्या दोघी बदलीमुळे आल्यात, एक नांदेडची, एक जळगावची. उद्या हळदीकुंकू आहे म्हटल्यावर विचारत होत्या, आम्ही आलेलं चालेल का. चालेल म्हटलं. पाचला निघायचं ठरलंय. जळगावच्या बाईंना विचारलंय, घरी विळी आहे का. आहे म्हणाल्या, पुढच्या वेळी आणेन.